नंबर प्लेटीचा लाइट

काळ्या चिकटपट्टीचा वास आला की मले ती दुपार दिसते. बायकोसंग मी केलेलं शेवटचं काम म्हणजे मोटरसायकलच्या नंबर प्लेटीले लाइट बसवणं. मोर्शीहून, लेकीच्या घरून परत येता येता अंधार पडे, म्हणून. वलगावच्या आमच्या आंगणात ती मागच्या चाकापाशी बल्ब धरून बसली होती. म्हणाली, “रंगावर तार कसून काय फायदा? करंट कसा जाईन? आधी लोखंड खरवडा ना.” मी म्हणालो, “मोठी मिस्तरीन लागून गेली! जाय, पोळ्या टाक.” ती उठली नाही, पण गप्प झाली. राग आला की दोन-दोन तास बोलत नसे. तिचंच खरं होतं, म्हणून मी मुकाट्यानं रंग खरवडला, तार कसली, जोडावर काळी चिकटपट्टी गुंडाळली आन समोर जाऊन चाबी फिरवली. “लागला का वं?” जवाब नाही. “अवं, लागला का?” मले वाटलं, रुसली. मंग मीबी हट्टानं हँडल धरून उभा राहिलो. बऱ्याच वेळानं मागं गेलो, तं लाइट चालू होता आन ती चाकाले टेकून कलली होती. अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टरनं इचारलं, “अशी किती वेळ होती?” राती तिले चादरीत गुंडाळून घरी आणलं. गाडीची चाबी रातभर चालूच राहिली, बॅटरी उतरली. सकाळी तिले न्याले माणसं जमली, आन मी आंगणात गाडीले किका मारून राहिलो होतो. लेक म्हणाली, “बाबा, कुठी जाता?” जाचं कुठीच नव्हतं. तरी मारत राहिलो.