पाडव्याचं सारवण

झुंबरबाईच्या सारवणाला इंदुरी गावात तोड नव्हती. हे तिची भावजयसुद्धा कबूल करायची, आणि ती बाई सहजासहजी काही कबूल करणारी नव्हे. नवऱ्यानं दुसरी केली तेव्हा झुंबरबाई भावाच्या दारात आली ती कायमचीच. दोन वेळचं मिळत होतं, नाही असं नाही. पण घर भावजयीचं, चूल भावजयीची, आणि सारवायला तेवढी झुंबरबाई. अशी तेरा वर्षं गेली.

सदतीस साली पुण्याची एक सिनेमा कंपनी इंद्रायणीकाठी, किल्ल्याच्या खालच्या अंगाला उतरली. त्यांना चित्रासाठी खेड्यातलं घर हवं होतं. आता इंदुरीत घरं काय कमी होती? पण नाही, डायरेक्टरसाहेबांना आपण उभारलेलंच घर हवं, बांबूच्या तट्ट्यांचं, तीन भिंतींचं आणि मागून उघडं! देखावे उभारणारे महिपती मास्तर लिंपणाला बाई शोधत गावात आले, आणि सगळ्यांनी झुंबरबाईचं नाव सांगितलं.

मास्तर पन्नाशीचे, पूर्वी नाटकाचे पडदे रंगवायचे, गालात सुपारी आणि बोलणं सावकाश. झुंबरबाईनं दोन दिवसांत तट्ट्यांवर माती चढवून भिंत घोटून दिली. मास्तरांनी ती पाहिली, मान हलवली आणि म्हणाले, छान झाली, आता हिला म्हातारी करा. झुंबरबाईला वाटलं, माणसाचं डोकं फिरलंय. मग मास्तरांनी तिला समोर बसवून चित्राची गोष्ट सांगितली. घरधनीण जाऊन दहा वर्षं झालीत, म्हातारा एकटाच राहतोय. तो बसत कुठं असेल? उठताना हात कुठं टेकत असेल?

एवढं विचारायचीच खोटी, झुंबरबाई सुटली. म्हातारा खांबाशी टेकत असणार, म्हणजे तिथं डोक्याच्या तेलाचा डाग हवा. कोनाड्यावर काजळी हवी, पण एकाच कोनाड्यावर, एकटा माणूस दोन दिवे कशाला लावील? गाऱ्यात भुसा कमी घातला की भिंत आपसूक तडकते, हे तिनं मास्तरांना शिकवलं. चहाच्या पाण्यानं पांढरी माती जुनी कशी करायची, ते मास्तरांनी तिला. पंधरा दिवसांत त्या घराला अशी अवकळा आली की वाटेनं जाणाऱ्या बाया थांबून हळहळायच्या.

मास्तरांनी एक दिवस तिच्या भावाच्या ओट्यावर बसून सरळ विषय काढला. चित्र संपलं की बाईंना पुण्याला कंपनीत नेतो, कायमच्या कामावर. माझ्या बहिणीकडं राहतील. भावानं हो म्हटलं. झुंबरबाईला त्या दिवशी घास गिळेना, इतकी ती हरखली होती.

अर्धं चित्र घेऊन झालं आणि दिवाळी आली. कंपनी चार दिवस पुण्याला गेली. जाताना मास्तरांनी बजावलं की कशाला हात लावायचा नाही, उरलेलं काम त्याच भिंतीपुढं व्हायचंय.

पाडव्याच्या सकाळी झुंबरबाई शेणाची पाटी घेऊन तिथून चालली होती. अख्खं गाव सारवून रांगोळ्या घालून बसलेलं, आणि तिनं हातानं उभं केलेलं ते घर तेवढं पोरकं. तिला काही बघवेना. नुसता उंबरा सारवू, ती स्वतःशी म्हणाली. उंबरा झाला, मग ओटा. ओटा झाल्यावर भिंत डोळ्यांत खुपायला लागली. अहो, बाईला भानच राहिलं नाही! ऊन वर आलं तेव्हा घर लख्ख, दारात रांगोळी, कोनाड्यात पणती, आणि ती उंबऱ्यावर बसून घराकडं बघत होती. ‘हिथं सारव, तिथं सारव’ म्हणणारं कुणी नव्हतं. असं सुख तिला जन्मात झालं नव्हतं. मग मास्तरांचं बजावणं आठवलं आणि ती पाटी उचलून लगबगीनं घरी पळाली.

कंपनी परत आली आणि डायरेक्टरसाहेबांनी आकाशपाताळ एक केलं. मास्तरांनी झुंबरबाईला हळूच विचारलं, “हे तुम्ही केलंत?”

“न्हाई मास्तर. गावातल्या बायांनी केलं आसंल.”

मास्तरांनी भिंतीकडं पाहिलं. सारवणात तिच्या बोटांचे अर्धगोल उमटले होते, आणि तसा हात गावात दुसऱ्या कुणाचा नव्हता. ते वळले आणि साहेबांना म्हणाले की राखणीला माणूस ठेवायला हवा होता, मी ठेवला नाही, चूक माझी. साहेब चारचौघांत वाट्टेल ते बोलले. मास्तरांनी खाली मान घालून ऐकलं.

पुढं चार दिवस दोघं शेजारी बसून ती भिंत पुन्हा म्हातारी करत होते. मास्तर मधेच हात थांबवून तिच्याकडं बघायचे. तिचे शब्द ओठांवर यायचे आणि परत जायचे. सांगितलं तर पुणं जाईल, एवढंच तिच्या डोक्यात. खुळी बाई! पुणं गप्प बसल्यानंच हातचं चाललं होतं, पण हे तिला कोण सांगणार?

काम संपलं. झुंबरबाई गाठोडं घेऊन लॉरीपाशी उभी राहिली. मास्तर जवळ आले.

“भिंत चार दिवसांत परत होते, बाई. मी चार दिवस तुमच्या एका शब्दाची वाट बघितली.”

त्यांनी नमस्कार केला आणि ते लॉरीत चढले. गाठोडं घेऊन झुंबरबाई घरी आली, तेव्हा भावजयीनं काहीच विचारलं नाही. ते तिला जास्त लागलं.

सात वर्षं तिनं स्वतःला शिव्या घालण्यात काढली. सारवताना तर रोजच. शेवटी चव्वेचाळीस साली देवदर्शनाचं निमित्त सांगून ती तळेगावातून गाडीनं पुण्याला गेली आणि विचारत विचारत कंपनीच्या फाटकाशी पोचली. पहारेकरी म्हातारा, तिच्याच भागातला, मावळातला होता. त्यानं सांगितलं की महिपती मास्तर दोन वर्षांमागं वारले.

झुंबरबाईनं फाटकाचे गज धरले. मग, दुसरं कुणी नव्हतंच म्हणून, त्या पहारेकऱ्यालाच म्हणाली, “इंदुरीची ती भिंत मीच सारवली हुती. पाडव्याला.”

त्याला काय कळणार? त्यानं जरा विचार केला.

“पाडवा हुता न्हवं? मग बाईमाणूस सारवणारच की. त्यात काय एवढं, मावशी?”

झुंबरबाई तिथंच फाटकाशी बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली.