मामेसासऱ्यांचं डावं मूत्रपिंड

उभ्या भिंगारात माणसांपेक्षा यंत्रांवर जास्त विश्वास ठेवणारं कुणी असेल, तर ते माझे मामेसासरे. लष्करी वर्कशॉपात वायरलेस दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांची, गळ्यात अडकवून गोठ्यात न्यायची सोनोग्राफी मशिनं दुरुस्तीला घेतली. लग्नानंतर मी पहिल्यांदा पाया पडायला गेलो, तेव्हा आशीर्वादाऐवजी माझ्या हातात मशीनचा अंगावर फिरवायचा प्रोब आला. "जावईबापू, ह्याच्या तोंडाशी स्फटिकांची रांग हाय. करंट दिला की ते थरथरत्यात, आवाज निघतो, पर आपल्या कानाला न्हाई येत. मंग गप बसून ऐकत्यात. आत कशाला तरी लागून आवाज माघारी येतो, स्फटिक हालतो, त्याचा पुन्हा करंट हुतो. किती येळानं आला, त्यावरनं किती खोल ते कळतं." बोलणं क्षणभर आणि ऐकणं बराच वेळ, अशा यंत्रावर मामांचा जीव कसा जडला हे मामींना कोडंच आहे, कारण घरात मामा कुणाचंच ऐकत नाहीत. प्रोब आणि कातडी यांच्यात जराशी हवा राहिली तरी आवाज तिथूनच परत फिरतो, म्हणून मध्ये जेल लागतं. एकदा ते संपलं, तर मामांनी मामींची खोबरेलाची बाटली स्वतःच्या पोटावर रिकामी केली.

काम गाईम्हशींचं असलं तरी दुरुस्त झालेलं प्रत्येक मशीन ते आधी स्वतःवर लावून बघतात. आपलं डावं मूत्रपिंड त्यांना आरशातल्या तोंडाइतकं पाठ आहे. दिवाळीनंतर आलेल्या एका मशीनवर त्यात लिंबाएवढा डाग दिसला, तेव्हा मामांनी सरळ मशीनवर ठपका ठेवला. केबल बदलली. खोलवरून येणारा क्षीण आवाज मोठा करणारं सर्किट नव्यानं जोडलं. एकेक स्फटिक तपासला. डाग काही जाईना. स्फटिक मेला तर काळी रेघ पडद्यावर एकाच जागी राहते, हे मला त्यांनीच शिकवलेलं. हा डाग तर मूत्रपिंडाबरोबर सरकत होता. "मशीन ठेवा बाजूला, डॉक्टरला दाखवा," मामी रोज म्हणायच्या. "आदी मशीनचा तर न्याय हुंदे," मामांचं उत्तर ठरलेलं.

शेवटी त्यांनी मला बोलावून टेबलावर आडवं केलं आणि कुशीवर गार जेल थापलं. माझ्यातही डाग दिसला, तर दोष मशीनचा. खरं सांगतो, मी छताकडे बघत देवाकडे तेवढंच मागत होतो.

मामांनी बराच वेळ प्रोब फिरवला. मग पंच्यानं माझं अंग पुसलं. "स्वच्छ हाय तुमचं," ते म्हणाले, "मशीनबी चांगलं हाय." त्यांच्या आवाजात चक्क समाधान होतं. त्यांनी स्क्रू आवळले, मशीन घेऊन जा म्हणून डॉक्टरांना फोन केला आणि मामींना विचारलं, "दवाखान्यात जायला कंचा शर्ट घालू?"

सोमवारी त्यांचं ऑपरेशन आहे. मामा खुशीत आहेत, भेटेल त्याला दुरुस्ती कशी बिनचूक झाली ते सांगतात. मला मात्र त्या मशीनचा अजून राग येतो. एकदा तरी त्यानं चुकायला हवं होतं.