मोकळा तळहात

मी स्वभावाने घाबरट माणूस आहे. घराबाहेर पडताना लावलेलं कुलूप दोनदा ओढून बघतो, चार पावलं गेलो की परत येऊन तिसऱ्यांदा ओढतो. जागा-जमिनीच्या व्यवहारात असा माणूस टिकला कसा, याचं पूर्णेतल्या लोकांना नवल वाटतं. मलाही वाटतं. एके काळी माझा देवावरचा विश्वासही असाच होता, पुन्हा पुन्हा ओढून बघण्याचा. आणि ज्या दिवसाची हकीकत सांगतो आहे, त्या दिवशी तो तुटायलाच आला होता.

माझा जन्म रंगूनचा. वडील तरुणपणी तिकडे गेले आणि लाकडाच्या वखारीत राबता राबता तिकडचेच झाले. माझ्या लग्नापुरतं मात्र मला देशी आणलं आणि वालूरची मुलगी करून घेतली. पुढे लढाई आली. रंगूनवर बॉम्ब पडले, त्यात वडील गेले, वखार जळाली. बोटीत जागा मिळेना, म्हणून आम्ही नवराबायको लोकांच्या लोंढ्याबरोबर पायीच डोंगर चढायला लागलो. ती पोटुशी होती. त्या वाटेवर जे पाहिलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही, इथेही सांगवत नाही. आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग सकाळी डाव्या तळहातावर घ्यायचं, त्याची पूजा करायची, मगच पाण्याचा घोट घ्यायचा, हा आमच्याकडचा नेम. त्या रानातसुद्धा तिने तो सोडला नाही. माझी मात्र चिडचिड व्हायची. ती डोळे मिटून बसली की माणसं पुढे निघून जायची, आणि मागे राहणाऱ्यांचं काय होतं ते मी बघत होतो.

एवढं सगळं पार करून शेवटी सिकंदराबादच्या स्टेशनावर आमचा घात झाला. गाडीत शिरताना अशी रेटारेटी झाली की तिच्या गळ्यातला दोरा तुटला. गाडी सुटल्यावर तिचा हात गळ्याशी गेला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. लिंग हरवलं की जंगम गुरूने दुसरं बांधेपर्यंत अन्नपाणी घ्यायचं नाही, हे मला ठाऊक होतं. पण आठवा महिना, अंगात ताप, उन्हाळ्याचे दिवस. वाटलं, तहान लागली की मुकाट्याने पिईल. ती प्यायली नाही. तिचं माहेर म्हणजे वालूरचा एक चुलता. तिथवर पोचायचं तर सेलूला उतरून पुढे बैलगाडी. दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्णा जंक्शन आलं तेव्हा तिला बसवतही नव्हतं. मी तिला उतरवून मुसाफिरखान्यात आडवं केलं. रेल्वेच्या दवाखान्यातला कंपाउंडर बघून गेला. बाईला आताच्या आता पाणी पाजा, नाहीतर दोन्ही जीव हातचे जातील, असं तो म्हणाला. मी तांब्या तिच्या ओठांना लावला. तिने तोंड फिरवलं.

"जंगमाला घिऊन या," ती म्हणाली. "तवर मला पाणी म्हनू नका."

तिथे एक भाजीवाली टोपली घेऊन गाडीची वाट बघत बसली होती. तिला लक्ष ठेवायला सांगून मी गावात धावलो. निजामाचं राज्य, पाट्या उर्दूत, मला एक अक्षर वाचता येईना. एका दारावरून दुसऱ्या दारावर, एका आळीतून दुसऱ्या आळीत. ब्रह्मदेशातून आलेले लोक रोगराई घेऊन येतात अशी आवई माझ्या आधीच गावात पोचली होती. माझे कपडे बघून बायका दारं लोटून घेत होत्या. कुठे नुसतीच रिकामी खोली, कुठे पडकं मकान, कुठे म्हातारा एकटाच राहणारा. सगळं दिसत होतं, जंगम तेवढा दिसत नव्हता. शेवटी एका दुकानदाराने लाल दाराचं एक घर सांगितलं. लिंगायत किराणावाल्याचं घर, जंगम महाराज तिथेच उतरतात, म्हणाला. मी पळत गेलो, तर दाराला हे एवढं कुलूप.

शेजारच्या बाईने भिंतीवरून सांगितलं की सुनेचं पहिलं बाळंतपण, म्हणून सगळे तिला घेऊन हिंगोलीला तिच्या माहेरी गेलेत. महाराज चुडाव्याकडे राहतात, इकडे कधी येतील ते सांगता यायचं नाही. मी त्या कुलपाला हिसडा दिला. मग तिथेच ओसरीवर बसून लहान मुलासारखा रडलो. शिवाला म्हणालो, एवढ्या लांब चालवत आणलंस ते या कुलपापाशी आणून सोडायला का? याउपर तुझं नाव घेणार नाही. आणि खरंच, स्टेशनाकडे परतताना मी नाव घेतलं नाही. तिला जिवंत बघू की नाही, एवढंच डोक्यात होतं.

मुसाफिरखान्यात लोक जमलेले दिसले. मला वाटलं, संपलं सगळं. घोळक्यातून आत शिरलो. ती भिंतीला टेकून बसली होती. डोळे मिटलेले, डावा तळहात छातीपाशी धरलेला, आणि उजव्या हाताने त्या मोकळ्या तळहातावर ती नसलेलं पाणी घालत होती, नसलेली विभूती लावत होती. बाईच्या डोक्यात ताप चढला, असं भाजीवाली म्हणत होती. बायकोसमोर मात्र झोळी आणि घंटा घेतलेला एक म्हातारा खाली बसला होता. चुडाव्याकडून आलेल्या गाडीतून उतरून तो बाहेर निघाला होता, तिचा हात बघून थांबला. तो जंगम होता.

लिंग हरवल्याचं आणि सकाळपासून कुठली कुठली दारं पालथी घातली ते मी कसंबसं सांगितलं. त्यांनी झोळीतून नवं लिंग काढलं, नवा दोरा काढला. आमच्यात आठव्या महिन्यात पोटातल्या लेकरासाठी लिंग बांधायची रीत आहे. त्यासाठीच हे एकच लिंग घेऊन ते लाल दाराच्या घरी निघाले होते. ते लोक तर हिंगोलीला गेले, दाराला कुलूप आहे, असं मी म्हणालो. त्यांना निरोपच मिळाला नव्हता. त्यांनी हातातलं लिंग कपाळाला लावलं.

"मंग हे त्यांच्यासाठी न्हवतंच," ते म्हणाले. "लेकराला मागनं आनतो. आदी मायला."

त्यांनी तिच्या कानात मंत्र सांगितला, गळ्यात लिंग बांधलं, आणि पायाचं तीर्थ तिच्या ओंजळीत दिलं. पाण्याचा पहिला घोट तिच्या घशाखाली उतरताना मी पाहिला. मी त्यांच्या पायांवर पडलो.

आता कुठे जाणार, असं त्यांनी विचारलं. मी वालूरचं नाव घेतलं, पण एवढ्या वाटेला ती टिकणार नाही हे दिसतच होतं. ते हसले. "सकाळच्याला आलास, अन् कुनाची खोली रिकामी, कुनाच्या दाराला कुलूप, कोन कुटं गेलंय, समदं ठावं झालंय तुला. हितंच ऱ्हा. त्या घराची ओसरी कुलपाच्या भाईर हाय. मी सांगतलंय म्हन."

त्या ओसरीवर आमची मुलगी जन्मली. महाराजांनी शब्द पाळला आणि तिचं लिंग स्वतः आणून बांधलं. घरमालक परतले, त्यांनी आम्हाला हाकललं नाही. लढाईमुळे जंक्शनवर रोज नवे रेल्वेवाले यायचे आणि खोल्या शोधत फिरायचे. त्या एका दिवसात मी गावाची दारं अशी पालथी घातली होती की मी त्यांना नुसतं बोट करून दाखवायचो. तसाच हळूहळू खोल्यांवरून घरांवर, घरांवरून स्टेशनापलीकडच्या मोकळ्या जमिनींवर आलो. लोक आधी मला बर्मावाले म्हणायचे, मग जागावाले म्हणू लागले. रझाकारांच्या धामधुमीत कित्येक घरं कुलपं लावून परमुलखात गेली आणि किल्ल्या या घाबरटाच्या हाती देऊन गेली. ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. प्रत्येक किल्ली तिच्या धन्याच्या हातात पडेपर्यंत अन्न गोड लागलं नाही. पण तेव्हाही लाल दार आठवायचं. ते दार उघडं असतं तर ते लिंग आत गेलं असतं, आणि माझी माणसं स्टेशनातच गेली असती. ज्या कुलपाला मी हिसडा दिला, त्याच कुलपाने ती वाचली होती.

शेवटची किल्ली देऊन आलो त्या संध्याकाळी मी बायकोला विचारलं, त्या दिवशी तळहातावर काहीच नव्हतं, मग तू पूजा कुणाची करत होतीस? ती भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही.

"पूजा न्हवती ती. जागा पुसून ठिवायलते," ती म्हणाली. "त्यानं यावं अन् त्याला बसाया जागा नसावी, हे बरं दिसतंय का?"

तेव्हापासून सकाळी लिंग हातावर घेण्याआधी मी तळहात पुसतो आणि थोडा वेळ तसाच मोकळा धरतो. भीती गेली असं म्हणणार नाही. कुलूप अजून तीनदा ओढतो. शिवाला ते ठाऊक आहे, आणि तरीही त्याने मला ठेवून घेतलं आहे. त्याचे हे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत.