मामीची करंगळी

उकडलेल्या शिंगाड्यांचा वास आला की मला गोंदियाच्या दवाखान्यातली मामी आठवते. पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन ती घरी निघाली होती, पण विम्याच्या मशीनवर बोट उमटल्याशिवाय क्लेम जाईना अन् सुट्टी मिळेना. जन्मभर शिंगाडे सोलून तिच्या बोटांवरच्या रेषाच झिजलेल्या. अंगठा लावला, शेजारची तीन बोटं लावली, दिवा लालच. "काऊन, मी कोणीच नाही का?" मामी मशीनवर खेकसली. मशीनवाली पोरगी म्हणाली, "मावशी, करंगळी लावून पाहा ना." अन् हिरवा दिवा लागला! मामी करंगळीकडे बघतच राहिली. "सोलताना ही नुसती वर उभी राहते, कामाची ना धामाची. अन् मशीन हिलेच ओळखून राहिली!" सारा वॉर्ड हसला. आता शिंगाडे सोलताना माझीही करंगळी वर राहते. राहू देते आळशीला. उद्या तिचंच काम पडेल.