मार्चअखेरचे ट्रक

दिलीप गेल्याचं मला कारखान्याच्या गेटवर कळलं. सकाळच्या पाळीला आत शिरताना वॉचमन म्हणाला, "आपले जुने मॅनेजरसाहेब वारले म्हनं, भिंगारला." मी हजेरी लावली, आत गेलो आणि दिवसभर पंप तपासत राहिलो. तिथूनच मागे का फिरलो नाही, हे मला अजून सांगता येत नाही... त्याला आता सात आठवडे झाले.

आम्ही संगमनेरला एका वर्गात शिकलो आणि नगरच्या एमआयडीसीत, पाण्याचे पंप बनवणाऱ्या एकाच कारखान्यात लागलो. मी तपासणीतच राहिलो, तो चढत चढत मॅनेजर झाला. एखाद्या मशीनचा आवाज जरा बदलला, की केबिनमधून उठून यायचा. मॅनेजर झाल्यावर मालकांनी त्याचा पगार नव्या पद्धतीने बांधून दिला. थोडा ठरलेला, बाकीचा विक्रीचं टार्गेट गाठलं तरच. कामगारांचा बोनसही त्यालाच जोडला. आम्हाला ते रास्तच वाटलं. राबेल त्याला मिळेल.

दोन वर्षं टार्गेट गाठलं, आणि गाठलं म्हणून दर वर्षी वाढलं. तिसऱ्या मार्चला थोडं कमी पडत होतं, तेव्हा त्याने तीन ट्रक भरून बायपासवरच्या एका भाड्याच्या आवारात नेऊन उभे केले. कागदोपत्री तो माल विकला गेला होता. एप्रिल लागताच ट्रक परत आले. निघताना ड्रायव्हर शंकरमामांनी विचारलं होतं, "साहेब, माल उतरवायचाच न्हाई, तर नेतो कशाला?"

"मामा, तुमचाही बोनस आहे त्यात," दिलीप म्हणाला. मामा ट्रकवर चढले. मी त्यांना अडवलं नाही. तपासणीच्या दाखल्यांवर माझी सही होती.

"एवढं वर्षच रे," तो मला म्हणाला. पण परत आलेला माल नव्या वर्षाच्या विक्रीतून वजा व्हायचा, म्हणून पुढच्या मार्चला तिनाचे पाच ट्रक झाले, मग नऊ. संचालक मंडळावर मालकांचे भाऊ, मेहुणे, आणि बाहेरचे म्हणून नेमलेले एक निवृत्त प्राध्यापक. आकडे चांगले असले की कोण कशाला विचारतो... प्राध्यापकांनी मात्र एकदा त्याला जिन्यात थांबवलं. "मार्चमध्येच एवढी विक्री कशी होते हो? काही सांगायचं असेल तर आत्ता सांगा. मी तुमच्या बाजूने उभा राहीन."

"सीझन असतो, सर," दिलीप म्हणाला.

हे त्यानेच मला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. डबा पुढ्यात तसाच. "अगदी ओठांवर आलं होतं. पण आधीच्या सगळ्या कागदांवर सह्या माझ्याच. आणि वाटलेला बोनस... तो काय लोकांच्या घरी जाऊन परत मागू?"

मी म्हणालो, "जेव."

शेवटी एका मार्चला आवारात ट्रक मावेनात, तेव्हा त्याने स्वतःच सगळं लिहून दिलं. मालक म्हणाले, आम्हाला कल्पनाच नव्हती. चौकशीत मला बोलावलं. मी फक्त पंप तपासतो, असं मी सांगितलं. खोटं नव्हतं ते... दिलीपकडून राजीनामा घेतला. त्या दिवाळीला बोनस मिळाला नाही आणि लोकांनी शिव्या घातल्या त्या त्यालाच. नवा मॅनेजर आला. त्याचा पगारही तसाच बांधला आहे.

गेल्या आठवड्यात वहिनींना भेटायला गेलो. नोकरी सुटल्यापासून दिलीपने कशावरच सही केली नाही, असं त्या म्हणाल्या. "कुरिअरवाला आला तरी मला हाक मारायचे. दवाखान्यात फॉर्म पुढे केला, तर हात चादरीखाली घेतला." आम्ही बोलत होतो तेवढ्यात दारात सोसायटीची वही आली. पाण्याच्या टाकीबद्दल सूचना होती, सगळ्यांनी सह्या करायच्या होत्या. मी मागची पानं चाळली. प्रत्येक पानावर दिलीपच्या नावापुढे वहिनींची सही. या पानावरही त्याचं नाव तसंच होतं, कुणी काढलं नव्हतं. वहिनींनी माझ्याकडून वही घेतली, पदराने चष्मा पुसला, आणि नेहमीच्या जागी सही केली.