सिरिलचा कान

सिरिल ऑडलीबरोबर मी एकवीस वर्षं वॉरिकशरमधल्या गॅरेजात काढली. जुन्या, दोन सीटांच्या स्पोर्ट्स कार आम्ही दुरुस्त करायचो. जोड कार्ब्युरेटरची, म्हणजे इंधनात हवा मिसळणारी दोन यंत्रं असलेली गाडी आली की सिरिल रबरी नळीचं एक टोक कानात घालायचा, दुसरं इंजिनावर फिरवायचा आणि चोरून हवा कुठून शिरतेय ते नुसत्या फुसफुशीवरून सांगायचा. लोक लांबून यायचे ते त्या कानासाठी. माझ्या पान्यासाठी कोणी येत नव्हतं, हे मी कबूल करतो.

मार्चमध्ये एनिड लँगलीबाईंची हिरवी गाडी आली. उभ्या उभ्या इंजिन कधी गुरगुरायचं, कधी बंद पडायचं. सांध्यातलं गॅस्केट गेलंय, तिथून हवा शिरतेय, असं सिरिलने तासाभरात सांगितलं. बदलल्यावर इंजिन शहाण्यासारखं चालू लागलं. पण सिरिल गाडी सोडेना. हवेची अजून एक बारीक गळती आहे म्हणे.

मग छळ सुरू झाला. तीनदा कार्ब्युरेटर उतरवले, झिजलेत म्हणत त्यांच्या दांड्यांचे चांगले बुशही बदलले, सगळे नट पुन्हा आवळले. मी कंटाळून गेलो. सत्तरीला टेकलेला सिरिल तर चहाचा मग हातात धरूनच पेंगायचा. लँगलीबाईंचे फोन मी घ्यायचो आणि रोज नवी थाप मारायचो. शेवटी मी डब्यातल्या पेट घेणाऱ्या द्रवाचा सांध्यासांध्यावर फवारा मारून बघितला. गळती असती तर तो आत ओढला जाऊन इंजिनाचा सूर बदलला असता. जराही बदलला नाही. फवारे बहिऱ्यांनी मारावेत, असं सिरिल म्हणाला. मला राग आला, पण मी डबा फळीवर ठेवून दिला. त्या कानाशिवाय त्याच्याकडे मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

गुरुवारी दुपारी तो पुन्हा वाकला.

"ही बघ, मागच्या कार्ब्युरेटरच्या बुडाशी," तो म्हणाला. "स्वच्छ ऐकू येतेय."

मी वैतागून किल्ली फिरवली. इंजिन थांबलं.

"बंद कशाला केलंस रे?" असं म्हणून तो माझ्यावर खेकसला. नळी अजून कानातच होती. मग त्याने ती हळूच काढली.

"लेन, अजून येतोय आवाज. नळी काढली तरी."

"इंजिन बंद आहे, सिरिल."

"कळतंय मला." त्याने नळी बाकावर ठेवली आणि हात पुसले. "बाईंना फोन कर. म्हणावं, गाडी केव्हाचीच बरी झालीये."