धम्मशीलाच्या टाकीत तुरटी

शनिवारी दुपारी मी गंगाखेडला धम्मशीलाच्या गच्चीवर गेले, तेव्हा पाइपांमधला सगळा पालक माना टाकून पडला होता.

धम्मशीला माझी मैत्रीण. इथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा परिचर. कंत्राटी. कंत्राट मार्चअखेर संपणार होतं. संस्थेचे सचिव दिनकरराव रविवारी सकाळी दहाला तिची बिनमातीची बाग बघायला येणार होते. पटली, तर कॉलेजच्या छतावर तशीच बाग होईल आणि ती धम्मशीला सांभाळेल. नाही पटली, तर एक एप्रिलपासून ती घरी. मी बागेच्या माहितीच्या पाट्या लिहून द्यायला आले होते.

तिने गच्चीवर तीन तऱ्हा एकत्र आणल्या होत्या. भोकं पाडलेल्या आडव्या पाइपांतून पाण्याची पातळ धार वाहायची, त्यात पालक. शेजारी खोल टब, त्यावर तरंगता थर्माकोल, त्यात सॅलडची पानं. मुळं सतत पाण्यात. कठड्याला कापलेल्या बाटल्या, त्यात कोथिंबीर. तिला सुती वातीने खालचं पाणी चढायचं. वीज गेली की पाइपांतली मुळं तासाभरात वाळतात, टबातली तगतात. म्हणून पाइपांचं पाणी टबातून फिरून एकाच टाकीत परत यायचं. ही जोडणी तिची स्वतःची. दोन उन्हाळे त्यात गेले.

तिने टाकीत आंबटपणा तपासायची कागदाची पट्टी बुडवली. पट्टी लाल झाली. तळाशी पांढरा गाळ बसला होता.

तिची आई, लक्ष्मीबाई, चहा घेऊन वर आल्या. टाकीकडे बघून समाधानाने म्हणाल्या, "निवळलं की गं. सकाळी लय गढूळ व्हतं. उद्या सायब येनार, म्हनून तुरटी फिरवली."

इकडे नळ आठ-दहा दिवसांनी येतो. साठवलेल्या पाण्यात तुरटी फिरवणं हे घराघरातलं काम. लक्ष्मीबाईंनी ते जन्मभर केलं होतं.

"किती येढे फिरवलीस तुरटी?" धम्मशीलाने विचारलं.

"धा-बारा. मोठी टाकी हाय ना."

धम्मशीलाने पंप बंद केला. मग मला हळू आवाजात सांगितलं की तुरटीने पाणी आंबट झालं, खताचा गाळ झाला आणि मुळं भाजायलीत. एकच टाकी, म्हणून पाइप गेले आणि टबही गेला. बाटल्यांचं पाणी वेगळं, तेवढ्याच वाचल्या.

टाकी भरायला तीनशे लिटर चांगलं पाणी हवं होतं. घरात पिण्याचं एक पिंप होतं, दोनशे लिटरचं. नळाला अजून सहा दिवस होते. बोअरचं पाणी खारं. मुळं धुवायला चालेल, वाढवायला नाही.

तोवर लक्ष्मीबाईंना कळलं होतं. त्या खाली बसल्या. मग म्हणाल्या, "पिंप वतून घे. आमी बोअरचं पिऊ."

"त्या पाण्याने तुझे गुडघे धरतात, माय."

"गुडघ्याचं मी बघते. तू वत."

तेवढ्या पाण्यात टबच भरणार होता, म्हणून धम्मशीलाने पाइपांचा नाद सोडला. टब रिकामा करून घासला, पिंपातलं पाणी ओतलं, नवं खत कालवलं. तिने सगळीकडे रोपांना एकाच मापाचे कप वापरले होते. कप उचलायचा, मुळं बोअरच्या पाण्यात खळबळायची, टबात बसवायचा. थर्माकोलला जास्तीची भोकं मी पाडली. भोकं संपली तेव्हा लक्ष्मीबाईंनी जुनं लुगडं फाडून वाती वळल्या. उरलेला पालक बाटल्यांत गेला. दिवस मावळला तरी एकही पान उभं राहिलं नव्हतं.

सकाळी निम्मा पालक उभा होता. निम्मा पिवळा.

दिनकरराव बरोबर दहाला आले. रिकाम्या पाइपांपाशी थांबले.

"हे असं का?"

"काल पाणी बिघडलं, सर. माझी चूक. टाकीवर झाकण होतं, सूचना नव्हती."

"तिची न्हाई, सायब," जिन्यातून लक्ष्मीबाई म्हणाल्या. "तुरटी म्या टाकली."

मी हातातल्या पाट्या पाठीमागे लपवल्या. त्यावर सुंदर अक्षरात ज्या पाइपांचं वर्णन होतं, ते कोरडे पडले होते.

दिनकररावांनी एक कप उचलून मुळं पाहिली. टोकं तपकिरी होती, वरून एक पांढरं मूळ फुटलं होतं.

"घरात दोघीजणी. कॉलेजात तीनशे पोरं," ते म्हणाले. "तिथं हे झालं तर?"

मला वाटलं, ती 'होणार नाही' म्हणेल.

"होईल, सर," धम्मशीला म्हणाली. "काहीतरी होईलच. पण कुठलं झाड आधी उचलायचं आणि कुठं ठेवायचं, ते मला काल कळलं. दुसऱ्या कुणाला ते शिकायला अख्खी बाग घालवावी लागेल."

त्यांनी कप जागेवर ठेवला. हात रुमालाला पुसले.

"पाइप नकोत. टब आणि बाटल्या. एक तारखेला छताची किल्ली घेऊन जा."

ते जिना उतरून गेले. धम्मशीला पिवळी पानं खुडायला बसली. एकही हिरवं पान ती तुटू देत नव्हती.